घोडीवाल्याचा आरसा

सूरजनं गाडी विकली आणि सीट तेवढं काढून ठेवलं, तेव्हा त्याची बायको हर्षाली म्हणाली, "घोडं इकलं आन् खोगीर ठिवलं!" वाडी हसली. हसू दे बापडी. त्याच सीटवर बसून सूरज तीनदा दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवून आला होता, बेल्ह्यापासून आण्यापर्यंत असं दुसरं कोण होतं? एकच होता, मोहित. आणि तो आता नव्हता.

मोहित गेल्याला वर्ष झालं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हर्षालीनं सूरजचा हात धरून त्यांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या डोक्यावर ठेवला होता. ट्रॅक नाही, घाटात पळवापळवी नाही, पिकअपसुद्धा साठच्या वर नाही. सूरजनं शपथ पाळली. पण अंगातली खाज शपथेनं जाते होय? माणूस जेवतानासुद्धा पायानं ब्रेक दाबायला लागला, तेव्हा हर्षालीच म्हणाली, की ते घरात बसून खेळायचं काय असतं ते आणा एकदाचं.

मग कांदा साठवायच्या रिकाम्या बराखीत सगळा थाट मांडला. नारायणगावात द्राक्षाच्या मांडवाचे अँगल जोडणाऱ्या वेल्डरकडून सांगाडा करून घेतला, त्यावर ते सीट बसवलं. पुण्याहून जुनं पण चांगलं, आत मोटर असलेलं स्टिअरिंग आणलं; रस्ता खडबडीत लागला की ते हातात थरथरायचं. तीन पायपट्ट्या, समोर तीन पडदे, कानाला हेडफोन. ब्रेकची पट्टी फारच मऊ लागत होती, तिच्याखाली त्यानं बुलेटच्या स्टँडचं रबर कापून घातलं. पहिल्यांदा बसला आणि परदेशातल्या कुठल्याशा ट्रॅकवर दोन फेऱ्या मारून उतरला, तर बनियन पिळून घ्यावं इतका घाम. लई दिवसांनी रडू आलं त्याला.

बघायला सगळे आले आणि दोन दिवसांत कंटाळून गेले. गेणभाऊ तेवढे टिकले. गेणभाऊ म्हणजे मोहितचा बाप. रोज दुपारी तीनला यायचे, टोमॅटोचं क्रेट पालथं घालून सूरजच्या मागं बसायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत.

या माणसाला पळणं कळत होतं. बैलगाड्याच्या शर्यतीत त्यांनी तीस वर्षं घोडी पळवलेली. आपल्याकडं गाड्यावर हाकायला कोणी नसतं. दोन बैल मागं, दोन पुढं, आणि त्यांच्याही पुढं घोडीवाला. घोडी पळते म्हणून बैल पळतात. शर्यती बंद होत्या त्या सात वर्षांत लोकांनी बैल विकले, पण गेणभाऊ रोज सकाळी रिकाम्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, नुसती घोडी काढायचे आणि पळता पळता मान वळवून मागं बघायचे. सूरज आणि मोहित तेव्हा शाळकरी पोरं. "काका, मागं कोन हाय बघायला?" म्हणून खिदळायची. गेणभाऊ म्हणायचे, "न्हाई कोन. पन सवय मोडू नये. घोडीवाल्यानं पुढं कमी बघावं, मागं जास्त. माज्यावर इश्वास ठिवून चार जनावरं पळत्यात रं."

अशा माणसाचा पोरगा आणे घाटात पहाटे गाडी दरीत घालून मेला. आणि गेणभाऊंनी मेलेल्या पोरावर राग धरला. भिंतीवर फोटो लावू दिला नाही. सरूबाई, मोहितची आई, पेटीत ठेवलेला फोटो चोरून बघायची. "घोडीवाल्याच्या पोटी येऊन त्याला पुढं पळायचं कळंना. सूरज मागनं हॉर्न देतोय, आन् हा आपला तसाच गेला. त्याचं नाव काढू नका," हे गेणभाऊंचं बोलणं साऱ्या वाडीला पाठ झालं होतं.

आता खरं सांगतो. मोहित पुढं नव्हताच. पुढं सूरज होता.

खोटं बोलला तो. दरीच्या तोंडाशी पोलिसानं विचारलं, "पुढं कोण होतं?" आणि याच्या तोंडातून निघून गेलं, "तो." एकदा निघालं ते निघालंच. मग त्यावर हॉर्न चढला, दिव्याची उघडझाप चढली, आणि सूरज वाडीचा शहाणा पोरगा ठरला. जिवाची पर्वा न करता दरीत उतरणारा. सरूबाई संक्रांतीला त्याच्या पोरीला झबलं शिवून आणायची. गेणभाऊ म्हणायचे, "तू हाईस म्हनून दीस जातोय." हे गमवायचं? सूरजची छाती होत नव्हती.

आणि नेमकं गेणभाऊंनी एक दिवस विचारलं, "सूरज, ह्यात आपला आणे घाट येतो का रं?"

"न्हाई काका. ह्यात बाहेरचे ट्रॅक असत्यात."

"पन करता येतो का?"

सूरजनं नाही म्हणायला पाहिजे होतं. पण हातातली कला चुलीतल्या विस्तवासारखी, झाकून राहत नाही. "येतो की," म्हणून बसला.

"मग कर. कुठं चुकला, मला एकदा बघायचंय."

चार महिने लागले. नकाशावरून चढउतार घेतले, मोबाइलच्या जुन्या व्हिडिओवरून वळणं, कठडे, पांढरे दगड, रसवंतीचं शेडसुद्धा. वेळ दुपारची ठेवली, लख्ख ऊन. पहाट करायचा धीर त्याला झाला नाही.

तयार झाल्यावर तो आधी एकटाच बसला. या खेळात पडद्याच्या वरच्या अंगाला आरसा दिसतो, मागनं येणारी गाडी कळावी म्हणून. पठारावरून उतरायला लागला आणि त्याची नजर वर गेली. समोर तिन्ही पडद्यांवर रणरणतं ऊन होतं. आरशात अंधार होता. त्या अंधारात दोन दिवे येत होते, एक पांढरा, एक पिवळा.

मोहितच्या गाडीचा डावा दिवा फुटला होता, तेव्हा बेल्ह्यात मिळाला तो पिवळा बल्ब घालून तो फिरत होता. "नवरदेव हळदीत न्हालाय एका बाजूनं," असं सूरजच त्याला चिडवायचा.

मोहित गेला त्या तिसऱ्या वळणावर सूरज आला. दिवे सरळ गेले, खाली झुकले आणि विझले. त्यानं हेडफोन काढून फेकला. पुन्हा पुन्हा सगळं तपासलं. घाटात दुसरी गाडी घातलेलीच नव्हती. पुन्हा चालवलं. दिवे पुन्हा आले, पुन्हा तिथंच विझले. मग त्यानं आरसाच बंद केला. आरसा नाही तर दिवा नाही. चला, मिटलं!

मिटतंय कुठलं. बेल्ह्याच्या बाजारच्या दिवशी दुपारी गेणभाऊ आले ते धुतलेलं धोतर, टोपी असे. जणू सोयरिकीला निघालेत. क्रेटवर बसले. सूरजनं घाट लावला. पठार मागं पडलं तसे गेणभाऊ पुढं वाकले. "हुबेहूब केलंस रं," म्हणाले. मग जरा वेळानं, "आरसा कुठाय?"

सूरज पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "लागत न्हाई काका ह्यात."

"लागत न्हाई कसा? परवापर्यंत वर दिसत व्हता. मागचं न बघता पळतोस व्हय? लाव त्यो."

"असू द्या की काका..."

"लाव म्हनतो ना!"

तीस वर्षं घोडी आवरलेला आवाज तो. सूरजनं गाडी थांबवली, बटण दाबलं. आरसा उघडला. पडद्यावर दुपार आणि आरशात पहाट. अंधारात, अगदी जवळ, दोन दिवे उभे होते. हा थांबला म्हणून तेही थांबले होते.

बराखीत कूलरचा पंखा तेवढा फिरत होता. सूरजला वाटलं, म्हाताऱ्याला हे दिसतच नसेल, आपल्याच डोक्यातलं असेल. देवा, तसंच असू दे!

"पिवळा," गेणभाऊ म्हणाले. "त्यो डावा दिवा पिवळा हाय."

ते क्रेटवरून पुढं सरकले.

"मोहित तर पुढं व्हता ना रं?"

सूरजचे हात स्टिअरिंगवर होते आणि स्टिअरिंग थरथरत होतं. गाडी उभी होती, तरी थरथरत होतं.

"सूरज. पोरगं मागं कसं?"

आणि मग ते बाहेर पडलं. दीड वर्ष दाताखाली धरलेलं सगळं. "मी पुढं व्हतो, काका. तो माज्या ब्रेकचा लाल दिवा बघून ब्रेक दाबायचा. ट्रॅकवर बी तसंच करायचा आन् मला मागं टाकायचा. म्हनून त्या दिवशी... वर पठारावर चहाला थांबलो, तवा मी माज्या ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज काढून खिशात टाकला. नुस्ती गंमत व्हती, काका! आईशपथ, गंमत! म्हनलं बघू आता कसा मागं टाकतो. वळनावर मी ब्रेक दाबला, दिवा लागला न्हाई. त्याला वाटलं अजून जागा हाय."

गेणभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नजर आरशावरच होती.

"मग?"

"मग गाडी थांबवली."

"आन् उतरलास खाली."

सूरजनं मान हलवली. नाही अशी. हे त्यानं हर्षालीला सांगितलं नव्हतं, देवापुढं कबूल केलं नव्हतं. "आधी फ्यूज बसवला. मग उतरलो."

"तवा... जीव व्हता का त्याच्यात?"

"ठाऊक न्हाई काका. मी तिकडं बघितलंच न्हाई. फ्यूज बसंपर्यंत मागं बघितलंच न्हाई."

म्हातारा एखाद्यानं पाठीत दांडकं हाणल्यासारखा वाकला. सूरजला वाटलं, आता हे आपल्याला मारतील. मारावंच, असं त्याला मनापासून वाटलं. पण गेणभाऊ वाकलेल्या जागीच रडायला लागले, आणि रडता रडता म्हणत होते, "माजं पोरगं चुकलं न्हाई. इश्वास ठिवून मागं येत व्हतं, बैलावानी. आन् मी दीड वरीस त्याचं नाव न्हाई घेतलं. मोहित... मोहित रं..."

आरशातला पिवळा दिवा एकदा मंद झाला आणि परत उजळला.

सूरजला ते सोसवेना. त्यानं कॉम्प्युटर बंद करायला हात लांबवला. गेणभाऊंनी त्याचं मनगट पकडलं. हात बर्फासारखा गार होता, पकड मात्र घोडीवाल्याची.

"बंद करू नको. पोरगं मागं हाय."

"काका..."

"तू हितंच सोडलंस तर ते हितंच ऱ्हाईल. खाली घेऊन चल त्याला. सावकाश. मागं बघत."

सूरजनं गिअर टाकला. वीसच्या वेगानं, म्हशी चालतात तसा, तो उतरायला लागला. दिवे मागं आले. तिसरं वळण दिसायला लागलं. त्यानं लांबूनच ब्रेक दाबला, रबर पिचेपर्यंत दाबला. आरशातल्या अंधारात लाल उजेड पसरला आणि त्या उजेडात मागच्या गाडीचं बॉनेट दिसलं. काचेमागं कोणीतरी होतं. सूरजनं नजर काढली नाही, यावेळी नाही. दिवे हळू झाले, वळले, त्याच्या मागोमाग कठड्याच्या आतून आले.

"अस्सं," गेणभाऊ पुटपुटले. "ये बाळा. ये."

पायथ्याला वाडीचा फाटा आला. सूरजनं मुख्य रस्ता केला होता, वाडीचा रस्ता केलाच नव्हता. तिथं नुसता हिरवा रंग होता. दिवे तिथं वळले. त्या नसलेल्या रस्त्यावरून दूर जात राहिले, दिसेनासे होईपर्यंत. मग आरशातही दुपार झाली.

गेणभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि उठले. "चल."

"कुठं, काका?"

"घरी. सरूबाईला सांगायचंय. माज्या तोंडानं न्हाई, तुज्या तोंडानं. फ्यूजासकट. मग तिनं तुला जेवू घालायचं का दारातनं हाकलायचं, तिचं ती बघंल. फौजदाराकडं बी जायचंय, पन आधी तिच्याकडं."

"तुमी मला..." माफ हा शब्द सूरजच्या तोंडातून निघेना.

"त्ये इचारू नको," गेणभाऊ म्हणाले. "मला ठाऊक न्हाई."

बाहेर ऊन कलत आलं होतं. ओट्यावर संस्कृती खेळत होती, तिनं "पप्पा" म्हणून हाक मारली. सूरजला तिच्याकडं बघवेना. कांद्याच्या वाफ्यांमधून जाणाऱ्या बांधावर गेणभाऊ पुढं निघाले. सूरजचे पाय उचलेनात. डाव्या हाताला मोठ्या रस्त्याचा फाटा होता, खिशात पिकअपची किल्ली होती.

दहा पावलं गेल्यावर गेणभाऊंनी मान वळवून मागं बघितलं. थांबले नाहीत, बोलावलंही नाही. आणखी दहा पावलांवर पुन्हा बघितलं.

सूरज बांधावर उतरला आणि त्यांच्या मागं चालायला लागला.