शहेबाजचे ठिपके

नांदेडच्या रियाज मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि रियाज ते ऐकून ऐकलंच नाही असं दाखवायचा. माणूस तसा तिरसट. गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा चावीच हातात ठेवायचा. पण गेली दोन वर्षं एका कामापुढं त्याचा तिरसटपणाही गप्प झाला होता.

काम होतं एका जुन्या एम.जी.चं. विलायतेत बनलेली, दोन माणसांपुरती, बुटकी, उघडी गाडी. लातूरचे माधवराव, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, यांनी ती हैदराबादच्या एका भंगारवाल्याकडून उचलली होती. तरुणपणी बायकोला, लताबाईंना, असल्या गाडीतून फिरवायचं कबूल करून बसले होते म्हणे. गाडीचं स्टेअरिंग मात्र डाव्या हाताला होतं. माधवरावांना ते उजवीकडं पाहिजे होतं.

गाडी आली तेव्हा रियाजचा मुलगा शहेबाज हयात होता. त्यानंच ती नटबोल्टापर्यंत खोलली. या गॅरेजची रीत अशी की जोडीनं येणारा, दोन्हीकडं सारखाच दिसणारा पार्ट उतरवला की ड्रायव्हरच्या बाजूच्याला लाल ठिपका द्यायचा, पलीकडच्या, क्लीनरच्या बाजूच्याला पांढरा. कागदबिगद काही नाही. शहेबाजनं ठिपके दिले, पार्ट पोत्यांत भरले, आणि त्याच महिन्यात डेंग्यूनं चार दिवसांत गेला. एकोणतीस वर्षांचं पोर. मागं उरली बायको बुशरा आणि ही खोललेली गाडी.

रियाज मग त्या गाडीच्या मागंच लागला. स्टेअरिंग उजवीकडं आणायलाच आठ महिने गेले. डॅशबोर्ड नवा केला, पेडलं सरकवली, पत्रा कापला, सांधला. बाकीची जुळणी मात्र पोराच्या ठिपक्यांवरून. लाल म्हणजे ड्रायव्हरची बाजू, विषय संपला. कुणी काही सुचवायला गेलं की म्हणायचा, शहेबाजनं लावून ठेवलंय, त्यात कुणी हात घालायचा न्हाई. गाडी रस्त्याला लागली म्हणजे पोराचं काम तडीस गेलं, एवढंच त्याच्या मनात. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

शेवटी एका सकाळी माधवराव आणि लताबाई गाडी न्यायला आले. लताबाईंनी केसांना रुमाल बांधला होता आणि त्या लाजत होत्या, सत्तरीतही. रियाजनं चार लोकांदेखत सांगितलं की चारी चाकं शहेबाजच्या खुणेवर बसलीत. मग गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.

बुशरा चहा घेऊन आली तेव्हा रियाजचा ऊर भरून आला होता. तिलाही त्यानं तेच सांगितलं, की बघ, लाल ठिपक्याचं सगळं ड्रायव्हरच्या बाजूला, एक पार्ट इकडचा तिकडं केला न्हाई. बुशरा थबकली. शहेबाज ठिपके देत होता त्या दिवशी ती डबा घेऊन तिथंच बसली होती.

"अब्बा," ती म्हणाली, "तेव्हा स्टेअरिंग डावीकडं होतं."

म्हणजे लाल ठिपका डाव्या बाजूचा, आणि रियाजनं तो उजवीकडं बसवला होता. या गाडीचं चाक एकाच मोठ्या नटावर असतं. नट चाकाच्या मधोमध, हातोडीनं ठोकून आवळायचा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटाचे आटे एकमेकांच्या उलट, म्हणजे चालत्या गाडीत नट सुटत नाही. पण नट ज्या हबवर, म्हणजे चाकामागच्या आटे पाडलेल्या तुकड्यावर, बसतो तो हबच इकडचा तिकडं गेला, तर गाडी जितकी पळेल तितका नट सैल होणार. चारी हब त्यानं असे अदलाबदलीनं उलटे बसवले होते. नट भलत्याच दिशेनं आवळतोय, हे बसवताना त्याच्या हाताला खटकलंही होतं. मग लाल ठिपका दिसला आणि तो मुकाट्यानं पुढच्या कामाला लागला होता.

माधवरावांचा फोन नुसता वाजत राहिला. रियाजनं शेजारच्याची जीप काढली, बुशरा न विचारता शेजारी बसली. वाटेतल्या लोहा गावापर्यंत त्याच्या तोंडात अल्लाशिवाय दुसरा शब्द नव्हता. लोह्याच्या पुढं, एका चहाच्या हॉटेलापाशी, गाडी कडेला उभी दिसली तेव्हा कुठं त्याला श्वास आला.

चाकातून आवाज आला म्हणून माधवरावांनी गाडी थांबवली होती. पुढच्या उजव्या चाकाचा नट शेवटच्या दोन आट्यांवर राहिला होता. लताबाई खाटेवर बसून होत्या. केसांचा रुमाल सोडून त्यांनी मांडीवर ठेवला होता.

रियाजनं हब उलटे बसल्याचं सांगितलं. माधवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नको, रियाज. पोरगं होतं, खुणा करताना त्याच्याकडून चुकलं असेल. गेलेल्या माणसाला काय बोलायचं? तू नीट करून दे, आम्ही निघतो."

खरं सांगायचं तर सुटका समोर उभी होती. हो म्हटलं की झालं. दहा मिनिटं मान खाली घालायची, दोन-तीन तासांत हब बदलायचे, मिस्त्रीचं नाव शाबूत. शहेबाज काही कबरीतून उठून भांडायला येणार नव्हता. रियाजनं बुशराकडं पाहिलं नाही. त्याला पाहवलं नाही.

"पोराची खूण बरोबर होती, सर," तो म्हणाला. "स्टेअरिंग मी हलवलं. ठिपका तिथंच ऱ्हायला. आणि बसवताना माझ्या हाताला खटकलं होतं."

माधवरावांचा हात खांद्यावरून खाली आला. "खटकलं होतं, तरी बसवलंस?"

"हाव, सर."

लताबाई म्हणाल्या की त्या आता या गाडीत बसणार नाहीत. आवाज चढवला नाही, पण पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही. रियाजनं हब आत्ता बदलून देतो म्हणून दोनदा विनवलं. माधवरावांनी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी टेम्पो बोलावला, गाडी वर चढवली आणि लातूरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडं न्यायला सांगितली. पैशांचं कुणीच काही बोललं नाही. हॉटेलावर नांदेडचे दोन ड्रायव्हर चहा पीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

जीप परत फिरली. लोहा मागं पडलं. मग बुशरा हळूच म्हणाली की अब्बा, तुम्ही गप्प बसला असता तरी मी काही बोलले नसते.

"ठाऊक हाय, बेटी. म्हणूनच बोललो," रियाज म्हणाला. "माझं नाव गेलं तर गेलं. त्याच्या माथी कसं मारू?"

बुशरानं ओढणी तोंडाला लावली. रियाजनं जीप कडेला घेतली, कारण त्याला पुढचा रस्ता दिसेनासा झाला होता. दोन वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांपासून लपून रडत होते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला, भर दुपारी, ते एकमेकांदेखत रडले.