एका नावाच्या दोन नोंदी

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत गाओनू लोरचं गुणपत्रक विद्यापीठात पोचलं नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. अमेरिकेतल्या फ्रेझ्नोच्या या छोट्या कॉलेजात दोन वर्षं माहिती व्यवस्थापन शिकताना तिने हाडाची काडं केली, ती पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात काढता यावीत म्हणूनच. आणि आता बुधवारी कॉम्प्युटर म्हणत होता, या नावाच्या दोन विद्यार्थिनी आहेत, आधी घोळ मिटवा.

घोळ मिटवणं हेच तर तिचं काम! कॉलेजच्या नोंदणी कार्यालयात ती अर्धवेळ कामाला होती. आग्नेय आशियातून इथे आलेल्या तिच्या ह्मोंग लोकांची कुळं मोजकीच, त्यामुळे लोर, वांग, शिआँग यांनीच याद्यांची पानंच्या पानं भरलेली. नाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ताही तोच असला की दोन नोंदी एक करायच्या, असा नियम. आधी उघडलेली टिकते, नंतरची तिच्यात विरून जाते. गाओनूने अशा शेकडो नोंदी विरवल्या होत्या आणि त्यापायी तिची झोप कधी उडाली नव्हती.

तिने दुसरी नोंद उघडली. जन्मतारीख तिचीच, पत्ता घरचाच. नोंद तिच्या नोंदीच्या अकरा मिनिटं आधी उघडलेली. फोटोची चौकट नुसती करडी. विषय एकच, मंगळवारी सकाळी आठ वाजता, खोली एकशे चौदा. हजेरी पूर्ण. काही झाल्यास कुणाला कळवायचं, त्या रकान्यात गाओनूचाच मोबाइल नंबर.

या कॉलेजात हजेरी अजून शिक्षकच नाव पुकारून घेतात. ती त्या विषयाच्या धिल्लनसरांना गाठायला गेली.

"सर, तुमच्या वर्गात माझं नाव आहे?"

"विचारतेस काय? मागच्या कोपऱ्यात बसतेस की," सर म्हणाले. "कोट काढत नाहीस कधी. आज आवाज बरा फुटलाय तुझा."

"ती मी नाही, सर. मंगळवारी आठला मी कार्यालयात असते. आमच्या कास्पारियनबाईंना विचारा."

सरांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "तरीच," ते हळू आवाजात म्हणाले. "नाव घेतलं की ती लगेच हो म्हणत नाही. जरा थांबते. हे नक्की आपलंच नाव ना, अशी."

तिचं काही झालं तर मला कळवाल का, एवढंच गाओनूला विचारता आलं. सर म्हणाले, नंबर तर तुझाच आहे.

गुरुवार तिने नुसता घाबरण्यात घालवला. शुक्रवारी चार वाजता कार्यालयाच्या प्रमुख कास्पारियनबाई तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, अजून तशीच? एक कर आणि मोकळी हो. तुझे गुण दुसऱ्या नोंदीच्या क्रमांकावर गेले म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. गाओनूने दोन्ही नोंदी निवडल्या. पक्कं करण्याआधी कॉम्प्युटर एक झालेल्या नोंदीचा नमुना दाखवतो, तो आला. गुण सगळे जागेवर होते. तिचा फोटो मात्र गेला होता आणि तिथे करडी चौकट होती. तेवढ्यात मोबाइल वाजला. आईचा फोन.

"निया, बोल," ती म्हणाली. आईला ती निया म्हणायची.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"मी कोण? मी माझ्या मुलीला फोन लावलाय, बाई. तिचा फोन तुमच्याकडे कसा?"

गाओनूने धडपडून 'रद्द'वर बोट दाबलं. फोटो परत आला.

"नू? होतीस कुठे? मघाशी कुणी परकीच बाई बोलत होती."

"निया," गाओनूने विचारलं, "माझ्या आधी अकरा मिनिटं कोण जन्मलं होतं?"

पलीकडे आईने उकळतं भांडं खाली उतरवल्याचा आवाज आला.

"दुसऱ्याच दिवशी गेली गं ती," आई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून आत्म्याला हाक मारायची, नाव ठेवायचं, तेव्हा कुठे मूल आपल्यातलं होतं. ती तिथवर पोचलीच नाही. तुझ्या आजीला सांगायला कुणी धजलं नाही. ती बिचारी एकेका जिवाला एक, अशी दोन अंडी घेऊन दारात उभी. ठरलेलं नाव एकच, तेच तिने दोनदा पुकारलं. दुसरं अंडं मी कचऱ्यात टाकलं, पोरी."

गाओनूला आईचा राग आला आणि तिची कीवही आली. साडेचार वाजत आले होते. ती दुसरी नोंद पुसून टाकायचं बटण समोरच होतं आणि पुसायला कसला कागद लागत नव्हता. बोट तिथवर गेलंही, हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही. मग तिला तो कोपरा आठवला, आणि हो म्हणण्याआधी थांबणारी ती.

"निया, एक अंडं घे आणि दारात जा. तिला तिचं नाव दे."

फोनवर दार उघडल्याचा आवाज आला. मग आईची हाक, आधी घोगरी, मग मोकळी. "ये गं, घरी ये. रस्त्यात थांबू नको, परक्यांच्या खोलीत एकटी बसू नको. तुझा भात वाढलाय. गाओह्ली, ये!"

नू म्हणजे सूर्य, ह्ली म्हणजे चंद्र. गाओनूने नावबदलाचा अर्ज भरून कास्पारियनबाईंपुढे ठेवला.

"पुरावा?"

"नाही."

"मग नातेवाइकाची सही हवी. आणि नातं लिही."

गाओनूने लिहिलं, बहीण. हा शब्द तिने कुठल्याच अर्जावर कधी लिहिला नव्हता. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

बाईंनी स्क्रीनवरची करडी चौकट पाहिली, खालचा मोबाइल नंबर पाहिला आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. "या टेबलावर मी किती जणी एक करून टाकल्या असतील गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी शिक्का मारला. पाचला दहा कमी असताना गुणपत्रक गेलं.

ऑगस्टच्या शेवटी, विद्यापीठातल्या पहिल्या मंगळवारी, आठ वाजून पाच मिनिटांनी गाओनूचा मोबाइल वाजला.

"धिल्लन बोलतोय. घाबरू नकोस, काही झालेलं नाही," सर म्हणाले. "कळव म्हणाली होतीस म्हणून फोन केला. आज तिचं नाव घेतलं आणि ती लगेच हो म्हणाली."