पंचांच्या खालची घोंगडी

मित्रांनो, बिरोबाच्या देवळात खुंटीवर जी काळी, जड वस्तू लोंबते आहे ती मी, एक जुनी घोंगडी. माझ्यात देवाचे सत्त्व आहे असे ही वाडी मानते. मी मानत नाही. माझ्यात मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ आणि बरीच धूळ आहे.

जत तालुक्यातल्या कोरड्या माळावर हरणाबाईने आपल्याच मेंढरांची लोकर कातली, सनगराने ती मागावर विणली आणि हरणाबाईने मला थोरल्या मुलाच्या, धुळाच्या खांद्यावर टाकले. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके बाष्प शोषूनही हाताला कोरडा लागतो. रानात पावसात धुळा कुडकुडला नाही तो यामुळे. श्रेय बिरोबाला मिळाले.

हरणाबाईच्या माघारी, १९७१ च्या दिवाळीनंतर, एका व्यापाऱ्याने कळप विकत घेतला. मेंढरे मुंबईहून गलबताने आखातात जायची होती आणि वाटेत ती सांभाळायला धनगरच हवा होता. धुळा निघाला.

"पाण्यावर मेंढरं न्हेत्यात व्हय कवा?" त्याची बायको दगडाबाई म्हणाली.

"मेंढरू कुटंबी मेंढरूच असतंय. येतो की म्हैन्याभरात."

"आनि न्हाई आला तर?"

"तर वाट बघ."

डिसेंबरात युद्ध पेटले. शत्रूच्या गस्तीच्या बोटीने भर समुद्रात गलबत पकडून कराचीला नेले. मेंढरे तिथल्या फौजेच्या मुदपाकखान्यात गेली. तांडेल, खलाशी आणि धुळा बंदराजवळच्या एका गोदामात कोंडले गेले. कोणाजवळही हत्यार नव्हते. युद्धात साध्या माणसाला पकडायला गुन्हा लागत नाही, त्याचा गाव पुरतो.

गोदामाची फरशी ओली असे. म्हातारा तांडेल आणि धुळा दोघे माझ्याखाली झोपत. रोज सकाळी पहारेकरी नावे पुकारी. पहिल्या दिवशी त्याने "ढोला" अशी हाक दिली. धुळा गप्प राहिला.

"बहरा है क्या?"

"ढोला कोन? म्या धुळा. धुळा बिरा."

तांडेल हसला. पहारेकऱ्यालाही हसू आले. त्याने ते नाव दोनदा घोळवून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून बरोबर उच्चारले. धुळा उत्तर देई, "हाय."

इकडे वाडीत काय झाले ते मला नंतर कळले. गलबत बहुधा बुडाले, असा निरोप व्यापाऱ्याने धाडला. बिरोबाच्या जत्रेत ज्याच्या अंगात देव येतो त्याने भाकणूक केली, "पाण्यात गेलेलं पाण्याचं झालं." असे वाक्य कधीच चुकत नाही. त्या वर्षी एखादी विहीर ढासळली असती तर ते विहिरीला लागू पडले असते. वाडीने ते धुळाला लावले. पिठाचा पुतळा करून त्याला मूठमाती दिली, दिवस घातले, दगडाबाईच्या बांगड्या फोडल्या. पुढे रीतीप्रमाणे धाकट्या दिराशी, अर्जुनाशी, तिचा पाट लावून दिला.

पुढच्या वर्षी तटस्थ देशांची माणसे मध्ये पडली आणि दोन्ही बाजूंच्या कैदी नागरिकांची अदलाबदल झाली. धुळा मला खांद्यावर घेऊन सरहद्द पायी ओलांडून आला. एका अधिकाऱ्याने त्याच्या गळ्यात हार घातला. सरकारच्या दृष्टीने सुटका तिथे पूर्ण झाली.

वाडीत मात्र पंच बसले. आमच्याकडे पंच घोंगडीवर बसून न्याय करतात, आणि घोंगडीवर बोललेला शब्द मोडत नाही. त्या दिवशी त्यांनी धुळाच्याच खांद्यावरची मला घेतली आणि देवासमोर अंथरली.

म्हातारे म्हाळाप्पा पंच म्हणाले, "धुळा, आलास ते लय चांगलं झालं. पर तुजं दिवस घातल्यात गड्या."

"कुणाचं? म्या तर हितं हाय."

"हायस. पर मेलेला हायस."

मागे कोणीतरी खुदकन हसले.

"त्येला बी रीत हाय," म्हाळाप्पा म्हणाले. "नव्यानं जल्म घ्यायचा. ह्या घोंगडीवर निजवू, बारसं करू, दुसरं नाव ठिवू. मग खुशाल घरात ये."

"आनि बायकू?"

"तान्ह्या पोराला बायकू कुठली असती रं?"

त्या तर्कात मला कुठेच फट सापडली नाही. फक्त ज्या गृहीतावर तो उभा होता, ते खोटे होते आणि समोर श्वास घेत होते.

दगडाबाई दाराशी उभी होती. अर्जुना खाली मान घालून तिच्या शेजारी. पंचांनी तिला तिचे म्हणणे विचारले.

"बांगड्या फोडताना म्या म्हनलं हुतं, वाट बघू द्या, त्यो सांगून गेलाय," ती म्हणाली. "तवा कुणी आयकलं न्हाई. आता पोटात अर्जुनाचं हाय. आता इचारताय व्हय, आवं?"

धुळाने तिच्याकडे पाहिले, मग म्हाळाप्पांकडे.

"तात्या, तिकडं दुश्मनाचा शिपाई रोज सकाळी माजं नाव घ्यायचा. चुकलं, तर त्येनं सुदारून घेतलं. त्ये नाव हितं टाकून देऊ म्हंता?"

त्याने मला घेण्यासाठी हात पुढे केला. माझ्यावर पंच बसले होते. न्याय पुरा होण्याआधी उठायची रीत नाही, म्हणून एकही जण उठला नाही.

"बसा," धुळा म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

तो शिरवळला एका कारखान्यात पहारा करतो, असे ऐकते. तिथे रात्री थंडी असते. मी इथे आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी आपली निगा राखायला सांगतात. तेही सांगते. वर्षातून एकदा आम्हाला उन्हात टाका, नाहीतर कसर लागते. पण कैदेतून सुटलेला माणूस दारात उभा दिसला, तर आधी त्याला त्याच्या नावाने हाक मारा. रीत काय म्हणते ते नंतर पाहा.

अजूनही न्यायाच्या वेळी मलाच खाली काढतात. या घोंगडीवर बोललेला शब्द खोटा ठरत नाही, असे नव्या पंचांना सांगतात. त्या दिवशी माझ्यावर बसून पंच जो शब्द बोलले, तो कोणी अजून मागे घेतलेला नाही. तो शब्द होता, धुळा मेला.