आठ-दहाची बस

मामाच्या दुकानाची खिडकी बसथांब्याकडे उघडायची. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. एक पायमशीन, कापायचं टेबल आणि दोरीवर लटकलेले लोकांचे कपडे, प्रत्येकाला टाचलेली एक चिठ्ठी. मशीनचं तेल आणि ओल्या कापडावर फिरलेली इस्त्री यांचा मिळून एक वास तिथे कायम असायचा. आजही कुठे इस्त्रीची वाफ नाकात गेली की क्षणभर मी त्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसते.

मी त्याच्याकडे शिकायला गेले तेव्हा बावीस वर्षांची होते. अंगानं काटकुळी आणि जिभेला धार, म्हणून त्यानं माझं नाव टाचणी ठेवलं. व्हिडिओ करायची कल्पना माझी. इस्त्रीच्या फळीला इलॅस्टिकनं फोन बांधायचा आणि मामाचे हात टिपायचे. चेहरा दाखवायला तो तयार नव्हता. "माझं तोंड बघून कुणाची शिवण सुधारणार आहे?" म्हणायचा. त्याचे हात कॉलर उलटायचे, विरलेला गुडघा रफू करायचे, आणि मागून त्याची कुरकुर ऐकू यायची. "हे बघा, हा टाका कुणी घातलाय? शत्रूनं घातलाय." लोकांना ती कुरकुरच आवडली. दोन वर्षांत एक लाख ऐंशी हजार माणसं आमचं चॅनेल बघायला लागली. मामाला तो आकडा पटायचाच नाही. "एवढ्या लोकांचे गुडघे फाटलेत?" असं त्यानं एकदा अगदी मनापासून विचारलं होतं.

संध्याकाळी औषधांच्या पॅकिंग कारखान्यातली पाळी सुटली की आठ-दहाची बस भरून यायची. साठ-सत्तर बायका आमच्या खिडकीसमोर उतरायच्या. कुणी ब्लाउज टाकायला यायची, कुणी पर्सची चेन दाखवायची, कुणी नुसतीच दारात टेकायची. ती पंधरा-वीस मिनिटं दुकान भरलेलं असायचं. मामा चष्म्यावरून बघत म्हणायचा, "बायांनो, मला दिव्याचा उजेड येऊ द्या जरा." हटायचं कुणीच नाही, आणि त्यानं तशी अपेक्षाही केलेली नसायची.

मग एका सोमवारी थांब्याच्या खांबावर नोटीस लागली. प्रवासी कमी असल्यामुळे आठ-दहाची फेरी बंद. खाली डेपोतल्या टाइमकीपरची सही आणि नाव. त्या संध्याकाळी बायका चालत आल्या, साडेतीन किलोमीटर, बंद गोदामांच्या रस्त्यानं. आठवडा संपायच्या आत पॅकिंगमधल्या दोघींनी नोकरी सोडल्याचं कळलं. त्यातली एक माझ्याच वयाची होती. मला ती कुर्त्याचे गळे सुचवायची.

माझं डोकं तापलं. मी फोन काढला, नोटिशीसमोर उभी राहिले आणि तीन मिनिटं बोलले. या माणसाला बायकांच्या जिवाची पर्वा नाही, असं म्हणून मी टाइमकीपरच्या नावावर बोट ठेवलं. पहिल्यांदाच माझा चेहरा चॅनेलवर दिसत होता.

टाकायच्या आधी मामाला दाखवला. त्यानं शेवटपर्यंत बघितला. "कुणाला विचारलंस?" तो म्हणाला.

"त्यात काय विचारायचं? नोटीस समोर लागलीय."

"ज्या बाया चालत येतात, त्यांना तरी?"

"मामा, ही शिवण नाहीये."

त्यानं सुईत दोरा ओवला. मी व्हिडिओ टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात लाख लोकांनी तो बघितला होता. कॉलर उलटून कधी मिळालं नाही ते मला एका रात्रीत मिळालं. अनोळखी माणसं मला वाघीण म्हणत होती. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. खाली काही लोक टाइमकीपरच्या घरचा पत्ता विचारत होते. मी ते वाचलं आणि पुढे सरकले.

तिसऱ्या दिवशी एक बाई दुकानात आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक. मुलीच्या शाळेच्या स्कर्टची कंबर वाढवायला टाकली होती. मी हसून पुडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पण गेल्या नाहीत.

"दोन दिवस मुलगी शाळेत गेली नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, स्कर्ट तरी घेऊन ठेवावा."

"बरं नाहीये का तिला?"

"बरी आहे. घरचा फोन आम्ही बंद करून ठेवलाय. लोक तिला पण बोलतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू ज्यांचं नाव घेतलंस, ते माझे मिस्टर. बस बंद करू नका म्हणून त्यांनी वर तीनदा लिहून दिलं होतं. नोटिशीवर सही त्यांनाच करावी लागते, एवढंच."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्या गेल्यावर मामानं मशीन थांबवलं. मला वाटलं, आता बोलणार. तो फक्त एवढंच म्हणाला, "ट्रायल न घेता काज केलंस, टाचणी." मशीन परत सुरू झालं.

त्याच संध्याकाळी चालत आलेल्या बायकांमधून एक काकू पुढे आल्या. त्यांना सगळे वहीवाल्या काकू म्हणायचे, कारण काखेत कायम एक जाड वही. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पॅकिंगमध्ये एकवीस वर्षं काढलेल्या.

"तूच का ती व्हिडिओवाली?" त्यांनी विचारलं आणि वही टेबलावर आपटली. "आठ महिन्यांपूर्वी शनिवारची फेरी बंद केली, तेव्हापासून मी रोज लिहितेय. किती जणी चढल्या, किती उतरल्या. आणि तू तीन मिनिटांत सगळं उरकलंस?"

मी वही उघडली. तारखा, आकडे, ड्रायव्हरच्या सह्या. एका महिन्यात मध्येच दोन आठवडे शून्य होतं.

"हे काय?"

"कारखान्याची मशीनं दुरुस्तीला काढली होती. सगळं बंद. आणि नेमकं तेव्हाच बसवाल्यांनी वरून माणूस पाठवून प्रवासी मोजले. हे मला कुणी सांगितलं असेल? टाइमकीपरनंच. फेरीवरच्या हरकतींची सुनावणी व्हायचीय, तिथे उभं राहून सांगणार होता बिचारा. आता फोन उचलत नाही." त्या स्टुलावर बसल्या. "एकच माणूस होता गं आतला. तोही गेला."

त्या रात्री मी काही जेवले नाही. सकाळी डेपोत गेले. टाइमकीपरची खोली म्हणजे गज लावलेली एक खिडकी आणि तीन भिंतींवर वेळापत्रकं. माणूस माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला, स्वेटर कोपरावर विरलेला. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "माझी चूक झाली. व्हिडिओ आजच काढून टाकते."

"काढलास म्हणजे लोकांच्या डोक्यातून निघेल का?"

"नाही."

"मग ज्या तोंडानं बोललीस त्याच तोंडानं खरं काय ते सांग." पेनाचं टोपण लावत ते पुढे म्हणाले, "आणि माझी कीव करू नकोस त्यात. मुलगी बघेल."

मी तसंच केलं. जुना व्हिडिओ काढला आणि नवा केला. मी काय बोलले, त्यात काय चुकीचं होतं, मी कुणाला विचारलं नव्हतं आणि त्या घराला माझ्यामुळे काय सोसावं लागलं. हा जेमतेम तीस हजार लोकांनी बघितला. काहींनी मला घाबरट म्हटलं, काहींनी विकली गेली म्हटलं, आणि चार-पाच हजार माणसं चॅनेल सोडून गेली. वाईट वाटलं. पण टाइमकीपरची मुलगी शाळेत जायला लागल्याचं मामाला कुणीतरी सांगितलं, आणि त्यानं मला मुद्दाम नाही, बोलता बोलता सांगितलं.

मग रविवारी वहीवाल्या काकू अकरा जणींना घेऊन दुकानात आल्या. मी फोन बांधायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आधी ऐक. आमचे चेहरे नकोत. कारखान्यात उद्या कामाला जायचंय आम्हाला. आणि बोलू आम्ही. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"आणि टाकायच्या आधी आम्हाला दाखवायचं," दुसरी म्हणाली.

"ट्रायल," मामा मशीनमागून पुटपुटला.

तो व्हिडिओ मी आजही कधीतरी बघते. त्यात फक्त हात आहेत. मामाचे हात एका फाटलेल्या गणवेशाची बाही बसवताहेत, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गोळ्यांची पाकिटं भरून भरून बोटांची टोकं गुळगुळीत झालेले बायकांचे हात वहीची पानं उलटताहेत. आवाज त्यांचे. एक म्हणते, "बसमध्ये मला दहा मिनिटं बसायला मिळतं. अख्ख्या दिवसात तेवढंच." मामाची सुई तिथे थांबते. मी थांबवायला सांगितलं नव्हतं.

हरकती लेखी द्यायच्या होत्या, नाव-पत्त्यानिशी, आणि हातात अकरा दिवस होते. लाईकला तिथे काही किंमत नव्हती. म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीलाच काकूंनी सांगून टाकलं, "या बसच्या रस्त्यावर राहत असाल तरच पत्र द्या. लांबून उगाच पाठवू नका. खोटी आली तर आमची खरीपण केरात जातील. तुमच्या गावात कुठली बस बंद पडलीय, ते तुम्ही बघा."

आमच्या एवढ्या प्रेक्षकांतले त्या रस्त्यावरचे किती निघाले असतील? पण आले. मामानं रिळांचा लाकडी खोका रिकामा करून खिडकीत ठेवला. लिहिता न येणाऱ्यांची पत्रं तो स्वतः लिहायचा, मापं लिहितो तशा सुट्या सुट्या अक्षरांत, आणि लिहून झालं की वाचून दाखवायचा. "असंच म्हणायचंय ना? की बदलू?" कपडे मागे पडले. गिऱ्हाइकं कुरकुरली नाहीत, कारण रांगेत तीच होती.

निवडणूक जवळ आली होती. एक दिवस भागातले एक पुढारी चार माणसं आणि एक फोटोवाला घेऊन आले. खोक्यावर हात ठेवून फोटो हवा होता, आणि माझ्या चॅनेलवर दोन शब्द. मी गडबडले. नाही कसं म्हणायचं ते कळेना. वहीवाल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही याच रस्त्यावर राहता ना? मग पत्र लिहा की. रांग तिकडून आहे." माणूस वाईट नव्हता. खरोखर रांगेत उभा राहिला, आणि त्यानं लिहिलं. मामानं त्याच्या पत्रातल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि परत वाचून दाखवलं.

चारशे बारा पत्रं जमली. सुनावणीला मी गेले, पण फोन बाहेरच ठेवावा लागला, आणि आता वाटतं ते बरंच झालं. मी मागच्या बाकावर बसून नुसतं बघितलं. काकूंनी वही वाचली. अधिकारी म्हणाले, "ही तुमची खासगी वही. आमच्या मोजणीत प्रवासी नाहीत." तेव्हा कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टाइमकीपर उभे राहिले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, मोजणी झाली ते दोन आठवडे कारखाना बंद होता," ते म्हणाले. "मी तसं लिहून कळवलं होतं. नक्कल माझ्याकडे आहे."

महिन्याभरानं बस सुरू झाली, सोमवार ते शुक्रवार. शनिवारची नाही मिळाली. सोडून गेलेल्या दोघींतली एक परत आली, माझ्या वयाची ती नाही आली. पहिल्या दिवशी बायका उतरल्या तेव्हा मी फोन बांधला नाही. दुकान भरलं, उजेड अडला, मामा ओरडला, आणि वहीवाल्या काकूंनी दारात उभं राहून आकडा लिहिला, अडुसष्ट.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मामा जाऊन आठ. दुकानात आता फोनची कव्हरं विकतात, आणि कारखानाही शहराबाहेर गेला. चॅनेल मी अजून चालवते. मधून मधून कुणी ना कुणी माझ्याकडे एखादा विषय घेऊन येतं, शाळेचा, पाण्याचा, झाडांचा. मी त्यांना आधी विचारते, यासाठी आधीपासून कोण राबतंय, आणि त्यांच्याकडे नेऊन सोडा म्हणते. मग बरेचसे परत येत नाहीत. येतात त्यांच्याबरोबर मी जाते.

वहीवाल्या काकू लेकीकडे असतात. महिन्यातून एकदा फोन करतात. परवा विचारत होत्या, "हल्ली काय दाखवतेस गं?"

"पडद्यांना अस्तर कसं लावायचं ते."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "पँट तोकडी कशी करायची ते दाखव एकदा. जावई नवी पँट घेऊन आठ दिवस माझ्या मागे लागलाय, आणि मला आता सुईत दोरा दिसत नाही."

मी म्हटलं, रविवारी येते, पँट आणि जावई दोघांनाही घरी ठेवा.