तीन भावांच्या तीन कॅपा

ती अट तोतारामनं स्वतःच्याच तोंडानं घातली होती, आणि हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त डाचत होती. दुसऱ्या कुणी घातली असती तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती.

तापीकाठच्या त्या गावात तोताराम, सुकदेव आणि चिंधा या तीन भावांची मिळून एक विहीर होती आणि विहिरीवर एक इंजिन. शेती वाटून झाली, बैल वाटून झाले, पितळी घागरीसुद्धा वाटल्या. विहीर आणि इंजिन तेवढं वाटता येईना. इंजिन विलायती, लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आलेलं. जळगाव-धुळ्यात त्याचा एक खिळाही मिळत नव्हता.

शिमग्याला पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं. आपली पाळी संपल्यावरही सुकदेवनं चार तास इंजिन हाकलं, असं तोतारामचं म्हणणं. सुकदेवचं म्हणणं, दोनच तास. तोताराम तणतणत विहिरीवर गेला, इंजिनाच्या माथ्यावरचा पत्रा उघडला आणि कॅमशाफ्टची एक कॅप काढून घरी घेऊन आला. कॅमशाफ्ट म्हणजे वर आडवा फिरणारा दांडा. तो तीन ठिकाणी टेकलेला असतो आणि तिन्ही ठिकाणी त्याला वरून दाबून धरणारी एकेक बिडाची कॅप असते, अर्ध्या कड्यासारखी, हातात घेतली तर जड लागणारी. एक काढली की इंजिन मुकं. सुकदेव काय कमी होता? त्यानं दुसरी नेली. चिंधाचं कुणाशीच भांडण नव्हतं, पण दोघांनी नेल्यावर आपण मागे राहिलो तर लोक भोळसट म्हणतील, म्हणून तिसरी त्यानं नेली. आता तिघांपैकी कुणीच चोरून पाणी घेऊ शकत नव्हता. उघडपणेही घेऊ शकत नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात यायला महिना लागला.

तो महिना मोटेवर निभावला. वैशाखात विहिरीचं पाणी खोल गेलं, बैल थकले आणि केळीची पानं दुपारची मान टाकू लागली. मग झक मारत तिघं एकत्र बसले. धुळ्याहून अभिमन मिस्त्रीला आणायचं ठरलं. महिनाभर बाहेर राहिलेल्या कॅपा पुन्हा चढवण्याजोग्या आहेत की नाहीत, हे त्यानं पाहायचं. आणि तिथंच तोताराम थोरलेपणाच्या तोऱ्यात बोलून गेला, "जेनी कॅप खराब निंघी, त्यानी पाळी शेवटली."

शेवटची पाळी म्हणजे तिसरा दिवस. तोतारामची केळी घडांवर आलेली, पंधरा दिवसांत कापणी, माल रेल्वेनं दिल्लीला जायचा. इंजिन सुरू होऊनही दोन दिवस तहानली तर घड पोसणार नाहीत, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. पण बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे सुकदेवचं गबाळं घर होतं. त्याची कॅप धड असणंच शक्य नाही, हे तो धरून चालला होता.

घरी येऊन त्यानं बायकोला कॅप मागितली. बेबाबाईनं रांजणाकडे बोट दाखवलं.

"रांजन डगमगस म्हनीसन खाले लाई दिन्ही," ती म्हणाली. "तुमीच लावाले सांगं व्हतं."

सांगितलं होतं खरं. महिनाभर ओलीत बसलेली कॅप तोतारामनं ओढून काढली तेव्हा तिच्यावर गंजाचे पापुद्रे सुटले होते. दुकानातून त्यानं चार आण्यांचा पॉलिश पेपर आणला, दार लोटून घेतलं आणि दोन दिवस कॅप घासली. बेबाबाई ज्वारी पाखडत बघत होती. कॅप चांदीच्या तोड्यासारखी लखलखली तेव्हा तो म्हणाला, "कोनले सांगू नको." तिनं सुपाला आणखी एक झटका दिला.

अभिमन मिस्त्री ठरल्या दिवशी आला. वाळका माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. निकाल सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही ही त्याची रीत, त्यामुळे त्याच्यासमोर भलेभले घाम पुसत उभे राहत. सुकदेवनं धोतराच्या सोग्यातून कॅप काढली. चिंधानं रुमालातून काढली. तोतारामनं आपली ठेवली. तिन्ही कॅपा उन्हात अशा चमकल्या, की मिस्त्रीनं चष्मा काढून पुसला.

त्यानं एकेक कॅप हातात घेऊन आतल्या बाजूनं नख फिरवलं. एक नाकाशी नेली आणि सुकदेवकडे पाहिलं. सुकदेव विहिरीत पाहू लागला. मग खिशातून पतंगाचा कागद काढून त्यानं त्याच्या पट्ट्या फाडल्या. कॅप आणि दांड्याच्या मध्ये एक पट्टी घालून बोल्ट आवळले आणि दांडा फिरवून पाहिला. तो अडायला हवा होता, पण सुखानं फिरला. दोन पट्ट्या घातल्या तरी फिरला. तिसरीला कुठे अडला. तिन्ही कॅपांची तीच गत. तोतारामला वाटलं, आता हा आपल्याकडेच बोट दाखवणार.

"झिजल्यात," मिस्त्री म्हणाला.

"कोनी कॅप?" तिघांनी एकदम विचारलं.

"तिन्ही. पण इंजिनानं झिजवलेली कॅप एका अंगाला झिजते, जिकडे दांड्याचा दाब असतो तिकडे. या चहूकडून सारख्या आहेत. इंजिनाच्या रेघा फिरतीच्या दिशेनं उठतात, या आडव्या आहेत. या माणसानं घासल्यात." त्यानं चष्मा वर केला. "एकीला लोणच्याचा वास येतोय. एकीवर हातोड्याचे घाव आहेत. एकीच्या कोपऱ्यात गंज राहिलाय. तुम्ही सख्खे भाऊ आहात की नाही, हे आता कुणाला विचारायला नको."

सुकदेवनं कॅप लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवली होती आणि चिंधानं तिच्यावर खुंट्या ठोकल्या होत्या, हे मग हळूहळू बाहेर आलं. तोतारामचा जीव भांड्यात पडला. तिघंही चोर म्हटल्यावर चोरी कुणाचीच नाही. त्यानं घसा खाकरून विचारलं, "मंग पाळी?"

"तिन्ही सारख्याच खराब. तुम्ही थोरले, पहिली तुमची."

मिस्त्रीनं पुढचं सांगितलं. धुळ्याहून नव्या कॅपा ओतून, कातून आणायला आठ दिवस. तोवर कॅपांच्या टाचा, म्हणजे खाली टेकणाऱ्या कडा, घासून तो त्या जमतील तेवढ्या खाली बसवून देईल, इंजिन सावकाश चालवायचं. मात्र ढिल्या कॅपेत तेल ठरत नाही. प्रत्येक कॅपेपाशी एक माणूस तेलाची डबी घेऊन उभा पाहिजे, थेंब तुटता कामा नये. तुटला तर दांडा तापून जागीच धरेल आणि मग आठ दिवस नाही, जन्मभर मोट.

"ज्याची कॅप त्यानं सांभाळायची," मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्याच्या भरवशावर तुम्ही सोडणार नाही, म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. तीन भाऊ तीन डब्या घेऊन एका ओळीत उभे राहिले, शिमग्यापासून महिनाभर एकमेकांचं तोंड टाळलेले. पाटाचं पाणी वळवायला पुरुष उरलाच नाही, म्हणून बेबाबाई फावडं घेऊन गेली. तोतारामनं तिला दोनदा बजावलं होतं, पहिलं पाणी आपलं.

पाणी पाटानं निघालं. तोताराम डबीवरची नजर काढून मान लांब करून बघत होता. पाणी त्याच्या केळीच्या तोंडाशी आलं, क्षणभर थांबलं, आणि पुढे सरळ चिंधाच्या शेतात गेलं.

तोताराम ओरडला. इंजिनापुढे त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. धावत जावं तर डबी सोडता येईना. त्याला बायकोचा असा राग आला, की डबीतून एकाच वेळी दहा थेंब पडले.

दुपारी ती चिखलानं माखलेल्या पायांनी भाकरी घेऊन आली. मिस्त्रीनं इंजिनाला घटकाभर विसावा दिला होता.

"पयली पाळी आपली व्हती," तोताराम दातओठ खात म्हणाला.

"चिंधाभाऊनी नवी लागन शे. आज पानी नही भेटतं तर सगळी जळी जाती. आपले घड परवालोंग तगतस."

"तरी पाळी आपली. मिस्तरीनी सांगं ना, तिन्ही सारख्या."

बेबाबाईनं भाकरी त्याच्या हातावर ठेवली. "मिस्तरीनी कॅपा देख्यात," ती म्हणाली. "मी तुमले देखं."

लाज तोतारामच्या कानापर्यंत चढली आणि तो भाकरीचा तुकडा नुसताच मोडत राहिला. इतक्यात मिस्त्रीनं इंजिन पुन्हा चालू केलं. तोताराम अर्धी भाकरी टाकून उठायला लागला, तर चिंधानं स्वतःची डबी डाव्या हातात धरली होती आणि उजव्या हातानं तोतारामची उचलली होती.

"जेवी ले भाऊ," चिंधा म्हणाला. "तुनी कॅप मी देखस."