चंद्रभान मिस्त्रीचा कान

गेल्या दिवाळीपासून दुनियेतल्या सगळ्या गाड्या गोड वाजायला लागल्या होत्या. मला वाटलं, हात बसला आपला. तीस वर्षं जिंतुरात गॅरेज चालवलं, आता कुठं यश यायलंय. पट्ट्याची चिरचिर न्हाई, इंजिनाची किरकिर न्हाई. दुपारी खुर्चीवर टेकलं की वाटायचं, तळ्याच्या बुडाशी बसलोय आन् माणसं वरून जायल्यात. चिमण्यासुद्धा नुसत्या चोची हलवायच्या. लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नागेश गुरुजींची डिझेल गाडी तेवढी आडवी आली. चढावर दम सोडायची, काळा धूर ओकायची. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. वाटेत पाइप फुटला की ती हवा बाहेर जाते आन् गाडी मरगळते. ती गळती हुडकणं हे माझं खास काम. विहिरीच्या पाइपाचं झाकण, त्याला टायरच्या ट्यूबचा, हवा भरायचा वॉल. ते टर्बोच्या तोंडाला आवळायचं, कंप्रेसरनं हवा भरायची, मग कंप्रेसर बंद करून कान द्यायचा. सूं ऐकू आली की तिथं बोट. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात ते कच्चे मिस्त्री, असं मी चारचौघांत म्हणायचो. लोक लांबून यायचे ते या कानासाठी.

गुरुजींची गाडी मी दोनदा तपासली होती. दोन्ही वेळा आतून हूं की चूं न्हाई. "पास!" म्हणून बॉनेट आपटलं.

आज गुरुजी तिसऱ्यांदा आले. ओरडले न्हाईत, तेच जास्त लागलं. "मामा, काल चढावर ट्रॅक्टर हॉर्न देत पुढं गेला हो. आज न्हाई सापडलं तर परभणीला दाखवतो."

परभणीला! म्हणजे माझी इज्जतच गेली की.

हवा भरली. डोळे मिटून पाइपाला कान लावला. आत गार, मऊ शांतता होती, झोप यावी अशी.

तेवढ्यात माझी बायको विमल डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "आवो, हे काय सूं सूं करायलंय?"

"काई न्हाई. गाडीतलं तुला काय कळतंय? डबा ठेव आन् घरी जा."

ती कशाची जाते! हात धुवायचा साबण मगात कालवला, रंगाचा जुना ब्रश बुडवला आन् वाकून खालच्या वळणावर फेस थापला. फेस हलला. लिंबाएवढा एक बुडबुडा फुगला, त्यात माझं गॅरेज उलटं दिसलं, मग तो फुटला. मागून दुसरा आला, तिसरा आला. एकालाही आवाज नव्हता. किती वेळ बघत होतो कोण जाणे.

गुरुजी माझ्याकडं बघायले होते. 'पाइप आत्ताच फुटला बघा,' हे वाक्य जिभेवर तयार होतं. गुरुजींनी मानलंही असतं.

"गुरुजी, पाइप आज न्हाई फुटला," मी म्हणलो. "दोन्ही वेळा असाच होता. ही असली बारीक हवा मला ऐकूच येत न्हाई आता. गाडी परभणीला न्यायची तर न्या."

विमलचा ब्रश हातातच राहिला. गुरुजींनी बाकड्यावरचं सामान बाजूला सारलं आन् तिथंच बसले.

नवा पाइप चढवला, क्लिपा आवळल्या, पुन्हा हवा भरली. कंप्रेसर बंद केला आन् विमलला म्हणलो, "तू ऐक."

तिनं पदर खोचला, बॉनेटखाली मान घातली, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा होतो.

"काईच न्हाई," ती म्हणाली.

कितीतरी महिन्यांनी आमा दोघांना एकच ऐकू आलं होतं.