वाजवून घेतलेली गिटार

प्रज्योतला बरोबर न्यायचं नाही, हे गंगाने आदल्या दिवशीच मनाशी पक्कं केलं होतं. पण तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, जेवता जेवता भावाला फोन लावला आणि सांगूनही टाकलं, "उद्या तुझी वयनी म्हापशाक गिटार घेवक जाता. तिका त्यातला काय कळता? तू जा बरोबर." पलीकडून प्रज्योत 'हो' म्हणाला. ते कशा सुरात म्हणाला असेल, हे गंगाला न ऐकताही कळलं.

प्रज्योत तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन धारगळला आली तेव्हा हा अर्ध्या चड्डीत नाक ओढत फिरायचा. आता पस्तिशी उलटली. शनिवार-रविवार किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गिटार वाजवतो, केस मानेपर्यंत वाढवलेत, मनगटात चार दोरे, आणि आरशासमोरून जाताना पाय आपोआप थांबतात. त्याला चार गाणी पूर्ण येतात, बाकीची अर्धी. अर्धं संपत आलं की हा डोळे मिटून मान डोलवायला लागतो, म्हणजे पुढचं विसरलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. हॉटेलातल्या लोकांच्या लक्षात येत नसेल. गंगाच्या पहिल्याच खेपेला आलं होतं.

तिचं कामच तसलं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत पंख्याच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात ती सतरा वर्षं तपासणीला आहे. मोटार चालू करायची, तळहात ठेवायचा, कान द्यायचा. बेअरिंग जरा खरखरलं की लाल चिकटपट्टी लावून बाजूला. नवे इंजिनिअर येतात, मशीन लावून मोजतात, आणि शेवटी तिने बाजूला काढलेलीच मोटार बाजूला काढतात. फक्त अर्धा तास उशिरा.

गिटार तिच्या आयुष्यात आली ती मुलीमुळे. तनयाला हौस आली म्हणून मोबाइलवरून एक निळी गिटार मागवली होती. तीन महिन्यांत तनयाची हौस फिटली आणि गिटार कपाटावर जाऊन बसली. एका रविवारी गंगाने धूळ पुसायला म्हणून ती खाली काढली, पुन्हा वर ठेवली नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पेडण्याच्या गिटारच्या वर्गात दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन बसली. शेजारणी हसल्या. "भजनात पेटी शिकली असतीस तर देवाक तरी बरा वाटला असता गो," असं एकीने तोंडावर सांगितलं. गंगा म्हणाली, "देवान माका काय विचारूक नाय."

आठ महिन्यांत तिला, दोन-तीन तारा एकदम दाबून काढायच्या, तीन कॉर्ड आल्या. जी, सी आणि डी. एकीवरून दुसरीवर जाताना मधे एवढा वेळ जायचा, की ऐकणाऱ्याने पाणी पिऊन यावं. बोटांची टोकं सोलली. वर्गातली शिकवणारी सिद्धी, पंचविशीची सरळ तोंडाची मुलगी. तिने एक दिवस ती निळी गिटार हातात घेतली, तारा दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "मावशी, तारा दांड्यापासून केवढ्या वर आहेत बघा! ही गिटार नव्हे, शिक्षा आहे. दुसरी घ्या. पण दुकानात कुणालाही वाजवून दाखवायला सांगू नका. बसा आणि तुम्हीच वाजवा, जेवढं येतं तेवढं."

गंगाला हे पटलं होतं, म्हणूनच तिला एकटीने जायचं होतं. आणि आता बसच्या शेजारच्या सीटवर प्रज्योत पाय पसरून बसला होता. धारगळ ते म्हापसा तो गिटारच्या लाकडांवर बोलत होता. तीन लाकडांची नावं त्याला येत होती. कोलवाळ येईपर्यंत ती संपली, मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. मिरच्यांच्या आणि सुक्या मासळीच्या गर्दीतून वाट काढत दोघं दुकानात पोचली. दुकान जिन्याखालचं, अरुंद. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात कातडं ताणलेली दोन मातीची घुमटं, मधे एक लाकडी बांक. मालक कृष्णनाथ साठीचा, चष्मा कपाळावर. त्याने गंगाकडे पाहिलं, प्रज्योतकडे पाहिलं, आणि प्रज्योतलाच शेट ठरवून म्हणाला, "यो पात्राव! कसली दाखवू?"

"गिटार मला पाहिजे," गंगा म्हणाली.

"हो हो," कृष्णनाथ म्हणाला आणि प्रज्योतकडेच वळला. "वहिनीसाठी काय? नव्यानेच शिकतात?"

कारखान्यात नवा माल घेऊन येणारे विक्रेते असेच, समोर तपासणीची बाई उभी असताना मागच्या शिपायाला साहेब म्हणणारे. अशांना ती बोलू देते. बोलता बोलता ते आपणच सगळं उघडं करतात.

प्रज्योतने एक काळी चकचकीत गिटार उतरवून घेतली. मोठं अंग, दांड्याच्या टोकापर्यंत बोटं पोचावीत म्हणून एका खांद्याला कापलेला खळगा, कडेला स्पीकरची वायर लावायची जागा. बांकावर बसून त्याने सुरुवात केली. चार पूर्ण गाण्यांतलं पहिलं. दुकानात शिरलेले दोन पोरगे थांबून ऐकायला लागले, तेव्हा त्याने डोळेही मिटले.

"ऐकलंस?" वाजवून झाल्यावर तो म्हणाला. "काय आवाज आसा! घे ही. डोळे झाकून घे."

त्याने दुसरी वाजवली. तीही छान वाजली. तिसरी त्याहून स्वस्तातली, तीसुद्धा तशीच वाजली. सिद्धी काय सांगत होती, ते गंगाच्या लक्षात आलं. हा गिटारी वाजवत नव्हता, स्वतःला वाजवत होता. त्याच्या हातात निळी दिली असती तरी त्या दोन पोरग्यांनी माना डोलावल्या असत्या.

"दे इकडे," ती म्हणाली.

"तू? वयनी, हय लोक आसत."

"असू देत."

ती बांकावर बसली. काळी गिटार मांडीवर घेतली, तर तिच्या अंगावरून पलीकडे हात टाकताना उजवा खांदा कानाशी गेला. तिने जी दाबली. मग सी. मधे नेहमीएवढाच वेळ गेला. दोन पोरग्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं जिच्या हाताखालून गेल्याशिवाय मोटार बाहेर पडत नाही ती बाई, आणि हा तिचा वाजवण्याचा थाट! तिला स्वतःची कीव आली नाही, राग आला. त्या रागातच तिने कॉर्ड सोडून दिल्या आणि आपल्या कामाची पद्धत धरली. एक तार घ्यायची, दांड्यावरच्या प्रत्येक पट्टीशी दाबायची, छेडायची, ऐकायचं. पहिली तार, पहिली पट्टी. दुसरी पट्टी. तिसरी.

"हे काय चालवलंस?" प्रज्योत कुजबुजला. "असा कोण बघता गिटार?"

चौथ्या तारेवर पाचव्या पट्टीशी ती थांबली. पुन्हा छेडली. तारेच्या सुरामागे बारीक खरखर, माशी बाटलीत अडकावी तशी.

"खरखरते," ती म्हणाली.

"ता तुझ्या बोटाचा. दाबूक जोर नाय तुझ्या बोटात."

"तू दाब."

प्रज्योतने हसत दाबली आणि छेडली. खरखरली. त्याने बोट सरकवलं, आणखी जोरात दाबलं. तरी खरखरली. त्याचं हसू जरा वेळाने उतरलं.

"ता वाजवताना आयकाक येणा नाय," तो म्हणाला. "स्पीकरवर तर मुळीच नाय. गेल्या शनिवारी माझ्या गिटारीचा सॉकेट गेला, म्हणून सांगतंय, वायरची सोय असलेलीच घे. माका पण कधी लागली तर…"

वाक्य त्याने तिथेच गिळलं, पण उशीर झाला होता. गंगाने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणजे काळा चकचकीत रंग हॉटेलातल्या दिव्यांसाठी, खळगा याच्या बोटांसाठी, वायर याच्या स्पीकरसाठी. वहिनीच्या वाट्याला काय, तर घरी पुसून ठेवण्याचं काम.

"तुझ्या शनिवारासाठी मी सतरा वर्षं मोटारी ऐकत नाय बसलंय," ती म्हणाली.

दोन पोरगे आता मोकळेपणी हसले, आणि या वेळी तिला नव्हे. प्रज्योतने खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता. तरी तो कानाला लावून "हां, बोल" म्हणत जिन्याखालून बाहेर गेला.

कृष्णनाथ हे सगळं काउंटरवर कोपर टेकून पाहत होता. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, टांगलेल्यांतल्या एकीलाही हात न लावता मागच्या खोलीत गेला आणि एक खोका घेऊन आला. आतून निघाली ती साधी तपकिरी, अंगाने लहान, कंबर बारीक. ना चमक, ना वायर.

"ही घेऊन बघ, बाय."

गंगाने मांडीवर घेतली. खांदा जिथल्या तिथे राहिला. हात सहज तारांपर्यंत पोचला. तिने पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात केली, आणि कृष्णनाथ शेवटच्या पट्टीपर्यंत थांबला. खरखर कुठेच नव्हती. पण तारा अजून थोड्या वर होत्या, बोटाला जाणवत होत्या.

"आणखी एक आहे का हीच?"

"सगळ्या सारख्याच असतात," तो सवयीने म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून स्वतःच हसला. "नसतात. थांब."

त्याने आणखी दोन खोके काढले. एकीचा दांडा तिला किंचित वाकडा वाटला. त्याने एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली आणि ती परत खोक्यात घातली. दुसरीचा आवाज बसका होता. पहिलीच बरी ठरली. मग कृष्णनाथने तिच्या तारा सैल केल्या, खालच्या बाजूला तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती उपसून काढली, सँडपेपरवर बेताने घासली, बोटाने चाचपली, पुन्हा घासली. बसवून, तारा चढवून, सूर लावून त्याने गिटार तिच्या हातात दिली. गंगाने जी दाबली. इतके महिने ज्या बोटाला कळ लागायची, ते बोट नुसतं टेकलं आणि सूर निघाला.

तिला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याबरोबर रागही आला.

"एवढं सगळं येतं तुम्हाला," ती म्हणाली, "तर अर्धा तास ती काळी माझ्या गळ्यात का मारू देत होता?"

कृष्णनाथने सँडपेपर झटकला. "गिऱ्हाईक कोण ते मला कळलं नव्हतं, बाय."

"मी आल्या आल्या सांगितलं होतं."

त्याने गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा आणि तारांचा एक जोड आपणहून गिटारच्या पिशवीत घातला. ती माफी होती की धंद्याची रीत, याचा विचार करायला गंगा थांबली नाही. पट्टा चांगला होता, तिने ठेवून घेतला.

बाहेर प्रज्योत उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होता. तिच्या पाठीवरची पिशवी पाहून म्हणाला, "ही घेतलंस? पोरांची ही. माका विचारूचा तरी होता."

"तू फोनवर होतास."

बसमध्ये तो मागे जाऊन बसला.

घरी दत्तारामने गिटार पाहून "एवढीशीच?" म्हटलं, आणि प्रज्योतने घरच्या व्हॉट्सॲप गटात काहीतरी लिहिलं असावं, कारण संध्याकाळी डिचोलीहून नणंदेचा फोन आला, फसलीस का म्हणून. गंगाने तिला भाजीबद्दल विचारलं.

पुढच्या रविवारी सिद्धीने तपकिरी गिटार उलटसुलट पाहिली, वाजवली आणि मान हलवली. "छान. आता बदल चटकन करा, मावशी." गंगाने जी दाबली, मग सी. मधे वेळ गेला. पूर्वीइतकाच. शेजारच्या दहा वर्षांच्या साईशने तेवढ्यात तीन कॉर्ड वाजवून नाक खाजवलं. निळीवर असताना तिला हक्काने म्हणता यायचं, की तारा वर आहेत. आता तारा खाली होत्या, दांडा सरळ होता, आवाज स्वच्छ होता. तपासणीत खोट एकाच ठिकाणी सापडत होती. ती घरी आली आणि रोज कामावरून आल्यावर अर्धा तास फक्त जी आणि सी करायला लागली. दत्ताराम टीव्हीचा आवाज वाढवायचा, ती दार लोटून घ्यायची.

महिन्याभराने एका दुपारी प्रज्योत आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग गिटार उचलून हॉटेलातल्यासारखा हात मारला. लहान अंगाची ती, एवढा मार सोसेना, आवाज फुटला.

"आवाजच नाय गो हिका," तो म्हणाला.

"माझ्यापुरता आहे. दे."

तिने ती मांडीवर घेतली आणि त्याच्या समोरच सुरू केलं. जी. सी. मधला वेळ कमी झाला होता, पण होता. प्रज्योतच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, तसा तो मांडीवर बोटांनी ताल धरून तिची वाट पाहायला लागला.

"ताल नको धरूस," गंगा दांड्यावरची नजर न काढता म्हणाली. "खरखर ऐकायची आहे मला."

तो थांबला. ती डीवर गेली, चुकली, बोट उचलून नीट ठेवलं आणि पुन्हा जीपासून सुरुवात केली.